‘सँपल साइज लहान आहे’: एका विंचूदंशाचं प्रकरण

आमच्या ग्रामीण रुग्णालयात पोस्टिंगला येणाऱ्या एमबीबीएसच्या मुलांचा जर्नल क्लब, म्हणजे शोधनिबंध वाचून चर्चा करायची बैठक, दर दुसऱ्या शनिवारी भरतो. पूर्वी भरायचा म्हणजे काय, तर एकाने आदल्या रात्री जागून स्लाइड करायच्या, वीस मिनिटं त्या वाचून दाखवायच्या आणि शेवटी ‘मर्यादा’ म्हणून तीन ओळी टाकायच्या: सँपल साइज लहान (म्हणजे रुग्ण थोडे), एकच केंद्र, ओपन लेबल (कोणाला काय दिलं ते सगळ्यांना माहीत). निबंध कुठलाही असो, या तीन ओळी ठरलेल्या. मग मी मान डोलवायची, आणि चहा.

एका वर्षी सप्टेंबरअखेरीस असाच एक निबंध झाला. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा, २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेला. लाल विंचवाचा दंश झालेले ७० रुग्ण. ३५ जणांना नुसतं प्राझोसिन, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध, ३५ जणांना प्राझोसिन आणि सोबत विंचवाची लस, म्हणजे अँटिव्हेनम. १० तासांनी पाहिलं तर लस मिळालेल्या ३५ पैकी ३२ जणांची लक्षणं पूर्ण गेलेली, नुसत्या प्राझोसिनवाल्यांपैकी ८ जणांची. मुलाने छान मांडलं. शेवटी त्या तीन ओळी आल्या, टाळ्या झाल्या. ‘उद्या असा रुग्ण आला तर तू काय वेगळं करशील?’ हे कोणी विचारलं नाही. मीही नाही, आणि खरं तर तेवढ्याचसाठी मी तिथे बसलेली असते.

पुढे सोळा दिवसांनी तो रुग्ण आला.

रात्री ८ वाजून १० मिनिटं

मुलगी ९ वर्षांची, वजन २२ किलो. भातकापणीचे दिवस. खळ्यावर भारे उचलताना साडेसहाच्या सुमारास उजव्या हाताच्या बोटाला विंचवाने नांगी मारली. गावातल्या दवाखान्यात दोन इंजेक्शनं झाली. सोबतच्या चिठ्ठीवर हायड्रोकॉर्टिसोन आणि फेनिरामिन, म्हणजे अॅलर्जीवरची औषधं, एवढंच खरडलेलं. आई सांगत होती, “मघापासून नुसती किंचाळत होती, आता दुखायचं थांबलंय.”

हे ऐकून इंटर्नचा चेहरा सैल पडला. दुखणं थांबलं म्हणजे उतार पडला, असं कोणालाही वाटेल. लाल विंचवाच्या बाबतीत गणित उलटं आहे. नुसतीच मरणाची वेदना असेल आणि बाकी काही नसेल तर रुग्ण बहुतेक वाचलेला असतो. वेदना मागे पडून घाम, उलट्या, लाळ आणि गार हातपाय सुरू झाले, तर विष सगळीकडे पोचलेलं असतं.

मी एका विद्यार्थिनीला म्हटलं, “हात लावून बघ.” तिने मनगट धरलं. “अजून वर.” कोपराच्या चार बोटं खालपर्यंत तो हात माठासारखा गार होता, आणि कपाळावरून घाम निथळत होता. दोन उलट्या होऊन गेलेल्या. नाडी १२८, रक्तदाब १३४/९०, छाती साफ, ऑक्सिजन ९७. बावस्करांच्या प्रतवारीत ही दुसरी पायरी. तिसऱ्या पायरीवर फुप्फुसात पाणी भरतं.

इंटर्नने लगेच निकाल दिला. “मॅडम, रेफर करू या. आपल्या फ्रिजमध्ये सापाचं अँटिव्हेनम आहे, विंचवाचं नाही. जिल्ह्याला असेल. एनएनटी दीड आहे!” एनएनटी म्हणजे एका जादा रुग्णाला फायदा व्हायला किती जणांना उपचार द्यावा लागतो तो आकडा. त्याला तो पाठ होता आणि आकडा बरोबरही होता: ३५ मागे ३२ आणि ८, फरक २४ चा, म्हणजे दोघांना लस दिली तर एकाहून जास्त जण १० तासांत मोकळे. एवढा मोठा फायदा वैद्यकात क्वचित दिसतो.

“प्राझोसिन दोन्ही गटांना दिलेलं होतं,” मी म्हटलं. “आधी ते पोटात जाऊ दे, मग भांडा.”

चतकोर गोळी

या प्रकरणातला सगळ्यात लाजिरवाणा भाग इथे येतो.

मात्रा किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. २२ किलोला ६६०. सिस्टरनी कपाटातून जी पट्टी काढली ती २.५ मिलिग्रॅमची. इंटर्नने हिशेब केला, “चतकोर गोळी म्हणजे ६२५. बरोबर बसतंय.” तो गोळी मोडायला लागला, आणि मी रक्तदाबाचा पट्टा बांधत होते, माझं लक्ष नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, “डॉक्टर, ही मोडायची नसते. हिच्यावर एक्सएल आहे.”

रक्तदाबाच्या रोग्यांसाठी आणलेली, औषध सावकाश सोडणारी गोळी होती ती. विंचवाच्या विषाने शरीरात अॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि त्या आवळलेल्या नळ्यांविरुद्ध पंप करता करता हृदय थकतं. प्राझोसिन त्या नळ्या सैल करतं, पण ते लवकर आणि मोजून व्हायला हवं. दर ३ तासांनी हातपाय चाचपायचे, गार असतील तर पुन्हा मात्रा, गरम झाले की बंद. सावकाश सुटणाऱ्या गोळीने हे जमत नाही. मोडलेल्या गोळीतून किती औषध कधी सुटेल ते तर सांगताच येत नाही.

निबंधात ‘प्राझोसिन’ लिहिलं होतं. स्लाइडवर ‘प्राझोसिन’ लिहिलं होतं. आमच्या कपाटात प्राझोसिनच होतं. सोळा दिवसांत आमच्यापैकी एकानेही उठून ते कपाट उघडून पाहिलं नव्हतं.

मुलीचा काका मोटरसायकलवरून गेला, बंद झालेल्या मेडिकलवाल्याला घरातून बाहेर काढलं आणि १ मिलिग्रॅमच्या साध्या गोळ्या घेऊन आला. एक गोळी कुटून १० मिली पाण्यात कालवली आणि त्यातलं साडेसहा मिली नाकातल्या नळीवाटे दिलं. तेव्हा ९ वाजले होते. ५० मिनिटं गेली होती. आईला बजावलं, काही झालं तरी लेकीला उचलून कडेवर घ्यायचं नाही, आडवीच राहू दे. या औषधाच्या पहिल्या मात्रेनंतर उभं केलं तर रक्तदाब धाडकन पडू शकतो.

न्यायचं की ठेवायचं

औषध आत गेलं, आता भांडायला हरकत नव्हती. जिल्ह्याचं रुग्णालय घाटातून अडीच तास. सोबत चार विद्यार्थी, एक इंटर्न, आणि सगळ्यांच्या हातात फोन.

चष्मेवालीने पहिला दगड टाकला. “मॅडम, ट्युनिशियाची ट्रायल आहे, १९९९, लॅन्सेट जर्नल. आठशेहून जास्त रुग्ण. अँटिव्हेनमचा काही फायदा नाही. महाडची तर ७० चीच.” खोली एकदम तिच्या बाजूने झुकली. मुलांना आम्ही शिकवलेलंच तसं आहे: मोठा आकडा जिंकतो.

मी तिला म्हटलं, त्यांत कोणाला घेतलं ते वाच. तिने मोठ्याने वाचलं आणि वाचता वाचताच थांबली. दंश झालेला जो येईल तो घेतलेला. बहुतेकांना अंगभर लक्षणं नव्हतीच. जे आपले आपण बरे होणार होते त्यांना लस दिली काय, न दिली काय. विंचूही वेगळ्या जातीचा, लसही वेगळी. आणि वयाची अट दहाच्या वर. “म्हणजे ही त्यांत बसलीच नसती,” ती पलंगाकडे बघत म्हणाली.

दुसऱ्याने अॅरिझोनाची काढली. २००९ ची, १५ मुलांची. लस मिळालेली ८ च्या ८ मुलं ४ तासांत ठीक, नुसतं सलाईन मिळालेल्या ७ पैकी १. पुन्हा तिसराच विंचू, आणि सगळी मुलं अतिदक्षता विभागात.

इथे थोडं विषयांतर. या मुलांच्या डोक्यात पुरावा म्हणजे काहीतरी बॉस्टनहून येणारी गोष्ट असते. बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले आणि विंचवाच्या रोग्यांच्या उशाशी बसून नोंदी करत राहिले. त्यांतून १९८२ आणि १९८६ साली लॅन्सेटमध्ये लेखन आलं. प्राझोसिनच्या आधी पश्चिम महाराष्ट्रातून २५ ते ३० टक्के मृत्यू नोंदले जात; नंतर ते प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं. हा फरक चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे गट पाडलेल्या कोणत्याही चाचणीतून आलेला नाही, आधीच्या आणि नंतरच्या रुग्णांच्या तुलनेतून आलेला आहे. पाठ्यपुस्तकातल्या पुराव्याच्या पिरॅमिडवर त्याची जागा खालची. पण तीसचं एक होतं तेव्हा पिरॅमिड जरा बाजूला ठेवायचा असतो, आणि हे मी वर्गात कधी धड सांगितलं नव्हतं.

परत खाटेपाशी. मी इंटर्नला विचारलं, “एनएनटी दीड, पण कशासाठी दीड?”

तो थबकला. मग त्याने मूळ निबंध उघडला, पहिल्यांदाच, म्हणजे स्लाइड सोडून. दीड हा १० तासांत पूर्ण बरं होण्यासाठी. लसवाले सरासरी ८ तासांत बरे झाले, नुसत्या प्राझोसिनवाल्यांना जवळपास १८ तास लागले. पण झाले. आणि वरच्या, म्हणजे जास्त गंभीर, पायरीवर किती घसरले? लसवाल्यांत ३५ पैकी ४, दुसऱ्या गटात ३५ पैकी ५. म्हणजे अडीच तासांच्या घाटात आपण जे कमावायला निघालोय ते आहे सुमारे १० तास लवकर बरं होणं. आणि पणाला काय लावतोय, तर वाटेत दम लागला तर काळोखात, चालत्या गाडीत.

“मग ठेवू या,” तो म्हणाला. मलाही तेच वाटत होतं आणि मी समाधानाने मान डोलावणार, एवढ्यात कोपऱ्यातला एक मुलगा, जो कधी बोलत नाही, तो बोलला. “मॅडम, ४ आणि ५ सारखे आहेत असं नाही म्हणता येणार. ३५ मध्ये फरक *दिसला* नाही. फरक *नाही* असं कुठे दिसलंय?” त्याने फोनवर ढोबळ हिशेब केलेला: १०० मुलांमागे १८-१९ कमी घसरण्यापासून १३ जास्त घसरण्यापर्यंत काहीही खरं असू शकतं.

सँपल साइज लहान आहे! तीच ओळ. दोन आठवड्यांपूर्वी शेवटच्या स्लाइडवर ती शोभेला होती, आता तिला वजन आलं होतं, कारण समोर एक मूल होतं आणि ठरवायचं होतं. त्याच ७० रुग्णांत ‘लवकर बरं होतं का’ या प्रश्नाला उत्तर ठणठणीत आहे आणि ‘घसरण टळते का’ या प्रश्नाला जवळजवळ नाहीच. निबंध लहान आहे की पुरेसा आहे हे तुम्ही त्याला काय विचारता त्यावर ठरतं. मी त्या मुलाला म्हटलं, तुझं बरोबर आहे, आणि माझ्याकडे याला उत्तर नाही.

आजोबांचा प्रश्न

आता हे घरच्यांना सांगायचं होतं. ते काम मी इंटर्नला दिलं. त्याने सुरुवात केली, “बघा, दोन ऑप्शन आहेत...” मी त्याला दारापाशी बोलावून म्हटलं, टक्के नकोत, ऑप्शन नकोत, उद्या काय काय होईल ते सांग. त्याने दुसऱ्यांदा बरं सांगितलं. “आजोबा, इथे ठेवली तर औषध चालू राहील, बरी व्हायला उद्याची दुपार होईल. जिल्ह्याला नेली आणि तिथे लस मिळाली, तर कदाचित पहाटेच बरी होईल. पण वाटेत दम लागला तर गाडीत फार काही करता येणार नाही. दम लागणारच नाही असं मी इथेही सांगू शकत नाही.”

आजोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “तिथे लस आहे, हे नक्की काय?”

आम्ही सहा जण. तीन खंडांतल्या तीन चाचण्या वाचून झाल्या होत्या. फोन कोणीच केला नव्हता.

केला. बऱ्याच वेळाने उचलला गेला. “एक-दोन कुप्या असतील, सकाळी स्टोअर उघडल्यावर बघायला लागेल.” महाडच्या चाचणीत प्रत्येकाला ३० मिली लस दिली होती.

मुलीला ठेवायचं ठरलं. केसपेपरवर मी विद्यार्थ्यांकडूनच लिहून घेतलं की निर्णय कधी बदलायचा: छातीत क्रेप्स (फुप्फुसात पाणी भरल्याचा चरचर आवाज) ऐकू आले, ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला, श्वास ४० च्या वर गेला किंवा रक्तदाब पडला, की १०८. यावर चष्मेवाली म्हणाली, “पण मॅडम, तेव्हा नेणं तर जास्त धोक्याचं.” खरं होतं. म्हणून गावातल्या भूलतज्ज्ञांना फोन करून ठेवला. वीस मिनिटांत पोचतो म्हणाले. उत्तर अर्धवटच होतं, पण केसपेपरवर अर्धवट उत्तरही लिहिता येतं, हे मुलांनी पहिल्यांदा पाहिलं असावं.

बाराला दुसरी मात्रा, तीनला तिसरी. मुलं आळीपाळीने तिचे हात चाचपत होती आणि गारवा कुठवर आहे तिथे पेनाने रेघ मारत होती. ही त्यांचीच शक्कल. साडेबाराची रेघ कोपराखाली, अडीचची मनगटावर, चारची बोटांच्या पेरांवर. साडेचारला ती अचानक रडायला लागली: बोट दुखतंय. आई घाबरून धावत आली. आणि कधी न बोलणारा तो मुलगा हसत सुटला, मग ओशाळला, मग आईला समजावू लागला की ताई, दुखायला लागलं हे चांगलं आहे, विष उतरतंय. आईने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरणार नाही.

सकाळी अकरापर्यंत लक्षणं गेली. पहिल्या मात्रेपासून १४ तास. “सरासरीपेक्षा लवकर!” इंटर्न म्हणाला. एका मुलीची सरासरी नसते, हे त्याला तिथल्या तिथे सांगावं लागलं. ती बरी झाली म्हणून आमचा निर्णय बरोबर होता असंही ठरत नाही. घाटातून नेली असती तरी बहुधा बरी झाली असती.

नंतर

त्यानंतर मी जर्नल क्लब जवळजवळ मोडला. खरं तर आधीच मोडायला हवा होता. २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्येच कुमारस्वामी आणि खान यांनी २३ अभ्यासांचा आढावा घेतला होता: वर्गात वेगळं बसवून पुराव्याचं शिक्षण दिलं तर ज्ञान वाढतं, कौशल्य, दृष्टिकोन आणि वागणं मात्र तेव्हाच बदलतं जेव्हा ते शिक्षण रोग्याच्या कामात मिसळलेलं असतं. तो आढावा पदव्युत्तर डॉक्टरांचा होता, एमबीबीएसच्या मुलांचा नव्हे, हे मान्य. पण तो मी वाचलेला होता. इतकंच नव्हे, एका जर्नल क्लबमध्ये तो सादरही झाला होता. शेवटच्या स्लाइडवर काय होतं ते सांगायला नको.

आता शनिवारी सुरुवात निबंधाने होत नाही, आठवड्यातल्या एखाद्या केसपेपरने होते. मुलांनी तिथे अडलेला एकच प्रश्न काढायचा. शोधायचं साधन आहे: कोक्रेन लायब्ररी, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या आढाव्यांचा ऑनलाइन संग्रह, आयसीएमआरने (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने) २००७ सालीच देशभर मोफत खुली करून दिली. निबंध सापडला की तो सगळा सांगायचा नाही. हा रुग्ण त्या चाचणीत बसला असता का, आणि मोजलेली गोष्ट या घरच्यांना हवी असलेली गोष्ट आहे का, एवढंच. ‘मर्यादा’ची स्लाइड बंद. एखादी मर्यादा सांगायचीच तर तिच्यामुळे निर्णय कुठे हलतो तेही सांगायचं, नाहीतर गप्प बसायचं.

मग उठायचं आणि औषधाच्या खोलीत जाऊन ती पट्टी हातात घेऊन यायची. याला पहिल्या बॅचने नाकं मुरडली. हे काम फार्मासिस्टचं, असा सूर. दुसऱ्याच आठवड्यात एकाला झिंकच्या गोळ्यांची मुदत संपलेली सापडली, तेव्हापासून कुरकुर कमी आहे. शेवटी एकाने नातेवाईक व्हायचं आणि दुसऱ्याने त्याला दोन वाक्यांत समजवायचं, मराठीत. इथे सगळ्यात जास्त फजिती होते. ‘रिस्क’, ‘बेनिफिट’ आणि ‘चान्सेस’ काढून घेतले की निम्म्या मुलांची वाचा बसते. मध्यंतरी वॉर्डातल्या मावशींना नातेवाईक केलं होतं. त्या प्रश्न विचारतात तसे परीक्षक विचारत नाहीत.

याने मुलं सुधारली का? माझ्याकडे मोजमाप नाही. ज्ञान तपासायच्या लेखी चाचण्या आहेत, २००३ ची फ्रेस्नो चाचणी आहे, ती घेता येईल. पण ती घेतली तर जे मला मोजायचंय, रात्री ९ वाजता कोण फोन करतो आणि कोण कपाट उघडतो, ते तिच्यात उतरणार नाही. दुसरं काही अजून सुचलेलं नाही. तोटाही दिसतो: पूर्वी सहा महिन्यांत बारा निबंध व्हायचे, आता पाच-सहाच होतात, आणि संख्याशास्त्रात ही बॅच आधीच्या बॅचपेक्षा कच्ची आहे अशी एका सहकाऱ्याची तक्रार आहे. ती खोटी नाही.

यंदाच्या ऑक्टोबरात फ्रिजमध्ये विंचवाच्या लसीच्या तीन कुप्या आहेत. प्राझोसिनच्या साध्या गोळ्यांची पट्टी कॅज्युअल्टीच्या ट्रेमध्ये वेगळ्या डबीत ठेवलेली असते आणि डबीवर कोणीतरी मार्करने लिहिलंय: ‘विंचू. मोडायला चालते.’ अक्षर त्या न बोलणाऱ्या मुलाचं असावं असं सिस्टर म्हणतात. तो आता दुसरीकडे इंटर्न आहे. परवा त्याचा मेसेज आला होता: त्यांच्याकडे लस आहे, साधी गोळी नाही, मागणीपत्र कोणाच्या नावे लिहायचं असतं?